डाव्या हातासाठी चॉप

राजरत्न मेश्राम यांचं आयुष्य मोजण्यात गेलं. कॅल्गरीतल्या एका गॅस कंपनीत ते एकोणीस वर्षं मीटर तपासतात. अर्ध्या डिग्रीचा फरक दिसला तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. घरी मात्र त्यांचा भरवसा एकाच यंत्रावर, नागपूरहून आणलेल्या कुकरवर. डुकराचं मटण म्हणजे पाच शिट्ट्या, त्यावर वाद नाही.

तसा त्यांचा स्वयंपाकाशी संबंध शिट्ट्या मोजण्यापुरताच. रांधायची ललिता, त्यांची बायको. फेब्रुवारीत ती ड्राइव्हवेवर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. त्या सकाळी राजरत्न म्हणाले होते, चहा घेतो, मग बर्फ शोव्हल करतो. चहा संपायच्या आत ती पडली. हे त्यांनी मनाला फार लावून घेतलं.

मी शेजारची, प्रभा. हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत दर रविवारी ललिताची वेणी घालायला जायचे, त्यामुळे पुढचा तमाशा मला फुकट बघायला मिळाला.

लेकीच्या, कल्याणीच्या, पदवीदानाच्या दिवशी ललितानं हॉटेलात पोर्क चॉप, म्हणजे डुकराच्या मांसाचा हाडासकट भाजलेला जाड तुकडा, खाल्ला होता. त्याची आठवण ती अजून काढायची. राजरत्नांनी ठरवलं, तो घरी करून हिला खाऊ घालायचा. अडचण एकच. ललिता डाव्या हातात काटा धरून जेवायची, आणि कुणी तुकडे करून दिलेले तिला चालत नसत. मी काय तान्ही आहे का, म्हणायची. म्हणजे चॉप असा हवा, की नुसत्या काट्यानं तुटावा.

पहिल्या रविवारी पाच शिट्ट्या करून वर तव्यावर भाजला. काटा वाकला, चॉप नाही. दुसऱ्या रविवारी सात शिट्ट्या. हाड एकीकडे, चोथा दुसरीकडे. तिसऱ्यांदा कुकर सोडला, पण आतला गुलाबी रंग पार जाईपर्यंत गडी तव्यापासून हलला नाही. गुलाबी म्हणजे कच्चं, हे आपल्याकडे लहानपणीच डोक्यात बसतं. ती चप्पलही ललितानं मुकाट चावली.

शेवटी सस्काटूनहून कल्याणीचा फोन आला. "बाबा, यू मेझर एव्हरीथिंग ॲट वर्क. त्रेसष्ट डिग्रीला काढा, देन लेट इट रेस्ट."

आकडा ऐकताच राजरत्नांना हुरूप आला. चौथ्या रविवारी त्यांनी थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात तपासला. शहाण्णवच दाखवत होता. कॅल्गरी उंचावर आहे, इथं पाणी तेवढ्यालाच उकळतं, हे मला समजावून झालं. दोन जाड चॉप आणले होते, एक ललिताचा, एक पाहुणी म्हणून माझा. स्वतः ते वरणभातावर भागवणार होते. चॉप अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवले, कोरडे पुसले, मिरपूड आणि चिमूटभर सावजी मसाला चोळला. बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजू भाजल्या, चरबीची कड उभी धरून खरपूस केली. चॉपमध्ये खुपसलेल्या थर्मामीटरचा आकडा त्रेसष्टला टेकला आणि त्यांनी चॉप उतरवले.

खरी परीक्षा पुढेच होती. आपल्याकडे तव्यावरून थेट ताटात वाढायची रीत. एकतीस वर्षं ललितानं त्यांना तसंच वाढलं, आणि स्वतः शेवटी गार खाल्लं. इथं तर चॉप झाकून पाच मिनिटं थांबायचं होतं. राजरत्न ताटावर पहारा देत उभे राहिले. ललिता समोर बसलेली, माझी नजर घड्याळावर. हाताला काम नसलं की माणूस बोलतो.

"त्या दिवशी मी चहा घेत बसायला नको होतं, ललिता."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणूनच तीन रविवार काही बोलले नाही. झाली का तुमची पाच मिनिटं?"

त्यांनी झाकण काढलं. ललितानं काट्याची कड दाबली आणि चॉप तुटला. ताटात रस उतरला. आतून फिकट गुलाबी बघून राजरत्नांचा चेहरा पडला, पण तोवर तिनं घास तोंडात टाकला होता. डोळे मिटून तिनं तो सावकाश चावला.

"मीठ जरा कमी आहे," ती म्हणाली, आणि दुसरा घास तोडला.

त्या घरात ललिता सगळ्यांच्या आधी जेवत होती, तेही गरम. राजरत्न चष्मा पुसत बसले. मलाही भरून आलं. पण ते फार टिकलं नाही, कारण ताट रिकामं करून तिनं डाव्या हातातला काटा पुढं केला.

"तो दुसरा कुणासाठी ठेवलाय?"

तो माझ्यासाठी होता. मी आणि राजरत्न वरणभात जेवलो.