डोंगरकड्यात थेंब वाळताना

एक थेंब शेवटपर्यंत वाळताना तुम्ही कधी पाहिलाय का? नसेल, तर विज्ञान मोठ्या शहरांतच घडतं हे तुम्हाला कुणी पटवलं?

मलाही ते पटलेलं होतं. मग हिंगोलीहून एसटी धरली. उकडलेल्या हळदीचा वास खिडकीतून येत राहिला, कळमनुरी मागे पडली, केळीच्या बागा लागल्या आणि डोंगरकडा आलं. विज्ञान मेळाव्याची पत्रकं वाटताना ओळख झालेली शीतल मला घ्यायला आली होती. दोन दिवसांनी तिची संशोधन-प्रवेशाची मुलाखत होती. स्वतः घडवलेला नमुना तिथं दाखवायचा होता.

नमुना म्हणजे काचपट्टीवर दुधाळ पाण्याचा थेंब. त्यात केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक, सारखे गोल कण. पाणी सावकाश आटलं की ते आपोआप रांगेनं खेटून बसतात. ही स्वयंजुळणी, अतिसूक्ष्म पदार्थ घडवायची एक रीत.

घरी आलो तर पट्टी जागेवर नव्हती. अंगणात, हळदीशेजारी, उन्हात होती. थेंब तडकून पांढरा पडलेला.

“वाळायचंच व्हतं ना ते?” तिची आई म्हणाली. “हळद उनातच वाळती की!”

“आई, घाई झाली की कणांना जागा घावत न्हाई. आता शेवटचा थेंब उरला!”

शीतलनं तो नव्या पट्टीवर सोडला. मग पाणी सावकाश आटावं म्हणून आईनंच परात आणली आणि पट्टीवर पालथी घातली. दुपारी शेजारीण परात मागायला आली.

“आज न्हाई मिळायची. पोरीचे कण बसून राहिले.”

“कण? पाहुण्यावानी?”

“व्हय. तुझ्यावानी बडबडे न्हाईत.”

आमच्या भाकरीचं पीठ त्या दिवशी ताटात मळलं गेलं. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मायलेकी पहिल्यांदा हसल्या.

ऊन कलताना शीतलनं परात उचलली. पट्टी तिरपी केली आणि पांढऱ्या डागातून हिरवा रंग उजळला. जरा कलवली, तर जांभळा. रंगाचा कणही घातलेला नव्हता. रंग होता तो नुसत्या मांडणीचा! कुणाचा हुकूम नाही, मुकादम नाही, तरी लाखो कणांनी आपापली जागा शोधली होती.

“माय,” आई पुटपुटली, “हे माझ्या परातीखाली झालं?”

दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच एसटीनं निघालो. शीतलच्या मांडीवर कापसात ठेवलेली पट्टी होती. निकाल अजून यायचाय. पण एवढं कळलं, की त्या रंगाला फक्त स्थिर जागा आणि वेळ लागला. आणि आपल्या घरांत मुलींना नेमकं तेच मिळत नाही. म्हणून आजच घरातला एक कोपरा तुमच्या लेकीच्या नावे करा, आणि तिनं तिथं ठेवलेलं काहीही तिला विचारल्याशिवाय हलवू नका.