पन्ह्याचं पाणी आणि दारावरचं समन्स
मी एकोणीस वर्षांची मामलेदारीण होते, म्हणजे स्वतःला तालुक्याची राणी समजत होते. माहेर किहीमचं, नारळीच्या बागायतीतलं, आणि शिक्षण चौथी पास. एवढ्या भांडवलावर माणूस किती फुगू शकतो, ते माझ्याकडून शिकावं.

लोकल बोर्डानं कोळीवाड्यासाठी विहीर मंजूर केली होती. ती खणली गेली आमच्या सरकारी बंगल्याच्या आवारात. कोळणी मैलभरावरून पाणी वाहत होत्या आणि मी मोगरा शिंपत होते. लोकांनी निवडून दिलेल्या सभासदांनी चौकशी समिती नेमली आणि यजमानांना कागदपत्रांसह बोलावलं. तीनदा पत्र आलं. "मी सरकारचा माणूस. बोर्डापुढे कशाला उभा राहू?" असं हे म्हणत, आणि मी ती पत्रं पापडाच्या डब्यात तळाला घाली. कागद चांगला जाड होता.

शेवटी समिती कोर्टात गेली. कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन पुढच्या दारात आला, तेव्हा हे मागच्या दारानं दौऱ्यावर निघाले होते.

"द्या इकडे," मी म्हटलं. "मला वाचता येतं."

"येत आसंल, बाईसाहेब. पन बाईमानसाच्या हातात द्यायचा कायदा न्हाय. घरात कोनी बाप्या हाय का?"

"नाही."

"मंग दाराला चिकटवतो."

खळ लावून त्यानं कागद दाराला चिकटवला. नेमकं त्याच दुपारी माझं चैत्रातलं हळदीकुंकू. मी आंब्याच्या पानांचं तोरण इतकं खाली ओढून बांधलं की समन्स झाकलं गेलं. बायका वाकून वाकून आत आल्या. मी माझ्या अकलेवर बेहद्द खूष.

बोर्डाच्या अध्यक्षांच्या पत्नीनं पन्ह्याचा घोट घेतला. "वहिनी, पाणी किती गोड हो. कुठलं?"

"आमच्याच विहिरीचं."

"जुनी असेल."

"छे, ह्याच माघात खणली. मंजुरी कोळीवाड्याची होती, पण तिकडे कोण बघायला जातंय? ह्यांनी इथंच घेतली. आणि ती फाइल कचेरीत नाही हो ठेवत. माझ्या शालूच्या कपाटात असते. इतका विश्वास."

"भाग्यवान आहात," ती म्हणाली आणि आणखी एक पेला मागितला.

कोर्टात यजमानांनी सांगितलं, बोर्डाला आम्हाला विचारायचा अधिकार नाही. शिवाय फाइल सापडत नाही. बोर्डाचे वकील उठले. "शालूच्या कपाटात पाहिलंत का?" मुन्सफसाहेब हसले नाहीत म्हणे. उद्या अकराला फाइल घेऊन समितीपुढे बसा, नाहीतर वॉरंट काढतो, एवढंच म्हणाले.

घरी येऊन हे थेट शालूच्या कपाटापाशी गेले आणि फाइल बाहेर काढली. मी पन्हं पुढे केलं. घेतलं नाही.

समितीनं विहीर कोळीवाड्याला देऊन टाकली. पहाटे फाटक उघडायचं ठरलं आणि चावी राहिली माझ्याकडे. हे समितीपुढे हजर झाले ते एकदाच. मी मात्र बदली होईपर्यंत रोज पहाटे, "ओ मामलेदारीनबाय, उठलीस का?" अशी हाक आली की चावी घेऊन धावत होते.