भास्कर, नीलेश आणि साडेसहा कोटी वर्षं

सकाळी वाडीत चिकू काढायचं काम चालू होतं, तेव्हा भास्करच्या मुलाचा, नीलेशचा फोन आला. "काका, बाबा गेले... चहा मागितला आणि गेले." शिडीवरच्या माणसाला मी खाली ये म्हटलं आणि तिथेच मातीत बसलो. महिना-दीड महिना होत आला, तरी अजून कुणी 'भास्करसर' असं नाव काढलं की माझा आवाज चढतो. राग कुणावर काढू? ज्याच्याशी भांडायचो तोच उठून गेला.

भास्करने उभा जन्म तलासरीच्या शाळेत भूगोल शिकवला. राहायला डहाणूत, आमच्या शेजारी. खिशात एक वेळ पेन नसेल, पण दगड असायचाच. चारोटीच्या पुढे रस्त्यासाठी एक टेकडी कापलीय. तिथे त्याने मला स्कूटरवरून इतक्या वेळा नेलं की बायको म्हणायची, "तिथे तुमचं कोण राहतं?" खाली काळा दगड, मध्ये हातभर तांबडी माती, वर पुन्हा काळा दगड. "बघ, खालचा लाव्हा निवला. तो झिजून झिजून त्याची माती झाली. माती व्हायला किती काळ लागतो, तू वाडीवाला, तूच सांग. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ही माती भाजून निघाली." सहा-साडेसहा कोटी वर्षं! घरच्या माणसाचं वय सांगावं तसा तो हा आकडा सांगायचा.

लहानपणी नीलेशही आमच्यापुढे पळत जाऊन हेच सगळं घडाघडा बोलून दाखवायचा. पुढे जमीन हलायला लागली. तलासरीकडे लोक घर सोडून अंगणात झोपू लागले, आमच्याकडेही फळीवरची भांडी वाजायची. त्या भीतीत कुठलेसे एक महाराज आले. ते सांगायचे, पृथ्वी पाच-सहा हजार वर्षांची, सगळे दगड एका प्रलयात, एका दिवसात झाले, ते अजून जागेवर बसतायत म्हणून हलतंय. श्रद्धा ठेवा, बसतील. नीलेशच्या मनाने ते घेतलं. घाबरलेल्या माणसाला साडेसहा कोटी वर्षांचा काय आधार? हे मला कळत होतं. भास्करला कळत नव्हतं.

त्याला एकच ध्यास लागला, पोराला परत आणायचा. एका रविवारी आम्ही तिघं त्या टेकडीपाशी गेलो. "सगळं एका दिवसात झालं ना? मग मधली माती कधी झाली? जेवणाच्या सुट्टीत?" मी खो खो हसलो. नीलेश हसला नाही. "बाबा, देवाने मातीसकटच केलं असेल. त्याला काय अशक्य आहे?" येताना चारोटीला चहा घेताना, नीलेश गाडीपाशी गेला तेव्हा भास्कर मला म्हणाला, "पुरावा दाखवला तर तोही देवानेच ठेवलेला. आता मी काय दाखवू रे?" त्यानंतर बापलेकात वाद झाला नाही. बोलणंच कमी झालं. मला वाद परवडला असता.

स्मशानात मडकं फोडायला नीलेशने किनाऱ्यावरचा एक दगड उचलला. आपल्यात तोच दगड दहाव्यापर्यंत जपतात, गेलेल्याचा जीव त्यात असतो म्हणतात. भास्कर असलं काही मानत नव्हता, मीही मानत नाही. तरी दहाव्याला, पानावर ठेवलेल्या त्या दगडाकडे मी टक लावून बसलो... आणि लक्षात आलं, अरे, हा दगडच नाही. सिमेंटचा तुकडा! कुठल्यातरी जुन्या धक्क्याचा असणार, लाटांनी गोल केलेला. आतली खडी स्पष्ट दिसत होती. भास्करच्या पोराला हे दिसू नये? मला राहवलं नाही. "नीलेश, अरे हा दगड नव्हे. तुझ्याहूनही लहान असेल हा."

त्याने वर बघितलं. डोळे रडून सुजलेले. बापावर याचा जीव नव्हता असं कोण म्हणेल? अगदी हळू म्हणाला, "काका, दगडाला कुठे वय असतं?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता. मग तो तुकडा त्याने दोन्ही हातांनी, मनोभावे, पाण्यात सोडला. आणि मी सवयीने बाजूला वळलो, यावर भास्कर काय म्हणतो ते ऐकायला. तिथे भटजी ताट आवरत होते.