गाण्यातलं नाव

नांदेडात माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्त झालेल्या स्पीकरला ते कान लावतात, पण गाणं कधी लावत नाहीत; माईकवर स्वतःच "एक, दोन, तीन" म्हणून बघतात.

तरुणपणी ते एका पंक बँडमध्ये गायचे. त्यांचं एक गाणं अजूनही मराठवाड्यातल्या कॉलेजांत पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात. किनवटकडच्या ज्या वसतिगृहात राहून ते शिकले, तिथल्या अधीक्षकांनी पोरांचं धान्य खाल्लं, असं ते गाणं. ध्रुवपदात त्या सरांचं नाव.

सर वारले तेव्हा वसतिगृहातल्या स्वयंपाकीण मावशी त्यांना म्हणाल्या, "धान्य वरूनच कमी यायचं, लेकरा. सर घरची ज्वारी आणून घालायचे तुमाला."

तेव्हापासून गाणं कुठं होणार असं कळलं, की ते दुकान बंद करून तिथं जातात आणि पोरांना नाव गाळायला सांगतात. पोरं हसतात आणि आणखी जोरात ओरडतात.

यंदा लातूरच्या एका गॅदरिंगला मी सोबत होतो. गाणं सुरू होताच ते स्टेजवर चढले. माईक घेऊन म्हणाले, "हे मी लिव्हलंय. सर तसे नव्हते. नाव घ्यायचंच तर माझं घ्या." आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं.

पोरांना गंमतच वाटली. सगळा मंडप ते नाव ओरडू लागला. गाणं संपेपर्यंत ते हात जोडून उभे होते.

खाली उतरल्यावर मला हळूच म्हणाले, "बसलं बघा चालीत."