आधी बोला, मग मासळी आत

आग्नेस सिस्टर आज सकाळी गेल्या.

भर नाताळात माझ्या आईची ताजी पापलेटं उन्हात ठेवून ज्यांनी आतून कडी लावली होती, त्याच.

सिस्टर म्हणजे नन नव्हेत हं. नर्स. मूळच्या वसईच्या. नोकरीसाठी तारापूरच्या किनाऱ्याला आल्या, रिटायर झाल्यावर आमच्या शेजारच्या पाम गावात घर घेतलं आणि इथल्याच झाल्या. आमच्या गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातांत जन्मली. मी पण. माझी जिवलग मैत्रीण शीतलसुद्धा.

म्हणून नाताळला गावातून त्यांच्याकडे मासळी जायचीच. आम्ही हिंदू, त्या ख्रिस्ती, हा विचार मासळीच्या टोपलीत कधी आलाच नाही.

त्या वर्षी मात्र माझी आई आणि शीतलची आई, म्हणजे रत्नाकाकू, एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या.

सुरुवात झाली बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीवरून. आई म्हणे, रत्नाने बांबू सरकवून आमची जागा खाल्ली. काकू म्हणे, वाऱ्याने सरकला.

बांबू. वाऱ्याने.

इथवर ठीक होतं. अशी भांडणं आमच्याकडे चहासोबत होतात.

मग अवकाळी पाऊस आला. काकू बोईसरच्या बाजारात होत्या. आमच्याकडे रीत अशी, की आभाळ भरलेलं जिला दिसेल तिने आरोळी मारायची आणि हाताला लागतील ते बोंबील उचलायचे. कुणाचे, ते नंतर बघायचं. भांडण असलं तरी.

आईने आमचे उचलले. आरोळी मारली नाही.

काकूंचे सगळे बोंबील भिजून कुजले.

त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद. शीतलचं लग्न ठरलं तेव्हा काकूंनी जाहीर केलं, "त्या घरातला एक पन मानूस माज्या मांडवात नको." आई म्हणाली, "जातंय कोन!"

हळद आठवड्यावर आली होती आणि माझ्याच मैत्रिणीच्या हळदीला मी जाणार नव्हते. दोन्ही घरांत आम्ही पोरी रडून नाक लाल करून बसलेलो.

नाताळच्या दिवशी आई आणि मी पापलेटं घेऊन रिक्षाने पामला पोचलो. बघतो तर सिस्टरच्या ओट्यावर रत्नाकाकू. सुरमई घेऊन.

सिस्टर बाहेर आल्या. भांडणाची खबर त्यांच्यापर्यंत पोचलेलीच होती. दोन्ही टोपल्या ओट्यावर ठेवायला लावल्या. आत एकही घेतली नाही.

"प्रभूने सांगून ठेवलंय. अर्पण घेऊन आलात आणि आठवलं की कोणी आपल्यावर नाराज हाय, तर अर्पण तिथंच ठेवायचं. आधी जाऊन समेट करायचा. मग यायचं."

"आमी देवाला कुटं आनलंय? तुमाला आनलंय," आई म्हणाली.

"मग मला पन तसलं नको."

"अवो सिस्टर, तुमच्या प्रभूला मासळीचं काय म्हायत? उन्हात खराब व्हईल ना!"

"त्याचे चेले कोळीच होते, बाय. त्याला चांगलं म्हायत हाय."

आणि कडी.

दोघी ओट्याच्या दोन टोकांना पाठ फिरवून बसल्या. टोपली उचलून घरी कोणी जाईना, कारण आधी उठेल ती हरली. मी मध्ये बसून माश्या हाकत होते.

तेवढ्यात एक मांजर आलं. सरळ सुरमईकडे.

काकूंची पाठ होती. आईला दिसलं. तोंड घट्ट मिटून ती मांजराकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

"रत्ने! तुजी सुरमई!!"

आईचा तो आवाज वाणगावपर्यंत गेला असेल.

दोघी पदर खोचून मांजरामागे धावल्या. सुरमई सोडवून परत आल्या तेव्हा काकू धापा टाकत खाली बसल्या.

"आज आरोळी मारलीस. त्या दिसाला का नाय मारलीस गं?"

आई टोपली बाजूला सारून तिच्यासमोर बसली.

"जीव जळत हुता माजा. तुजे बोंबील भिजताना बगत उबी रायली मी. चुकलं माजं. माफ कर."

काकू पदराने नाक पुसत म्हणाल्या,

"बांबू मीच सरकवला हुता."

"म्हायत हाय मला!"

आणि दोघी हसत सुटल्या, हसता हसता रडल्या. दार इतक्या पटकन उघडलं, की सिस्टर कान लावूनच उभ्या असणार. त्यांनी दोन्ही मासळ्या तळल्या आणि आम्हाला पोटभर जेवू घातलं.

हळदीला आई इतकी गायली की लग्नात तिचा घसा बसला. काकू म्हणाल्या, "बरं झालं, जरा शांतता."

आज संध्याकाळी दफनभूमीत सगळा गाव होता. फाटकाबाहेर एक म्हातारा काठी टेकून उभा. आत येईना. आई आणि काकू त्याच्याजवळ गेल्या, मी मागे.

"मी भाऊ तिचा," तो म्हणाला. "आमचं वाडीच्या वाटणीवरून फाटलेलं. दर नाताळात वसईला केक घेऊन माझ्या दारात यायची. मी दार नाय उघडलं. आता कुठल्या तोंडाने आत येऊ?"

आम्हाला हे काहीच माहीत नव्हतं.

काकू म्हणाल्या, "आमची तोंडं तरी कुटं बरी हुती? तरी जेवायला वाडलं त्यांनी. चला."

एक हात आईने धरला, एक काकूंनी. गर्दीने वाट करून दिली. पहिली मूठमाती भावाने दिली.

परतताना आई एवढंच म्हणाली, "आपलं भांडान मिटवलं त्यांनी. सोताचं कदी बोलल्या पन नाय."

सिस्टर, तुमचा भाऊ येऊन गेला.

आता निवांत झोपा. तुमच्या हातांत जन्मलेल्या आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार. 🙏