बहिणीसाठी घेतलेला कोरा थर्मास

भांड्यांच्या दुकानदारानं मला फसवलं आणि माझ्या हातून माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. कोल्हापुरात, भर पेठेत, माझ्या डोळ्यांदेखत. राग निवल्यावर मी हे लिहायला बसलोय असं कुणी समजू नये. राग निवलेला नाही.

माझा धंदा जुन्या पोत्यांचा. गुळाच्या बाजारात हमाली करायचो, तिथंच फाटकी पोती गोळा करून, शिवून विकायला लागलो. आज माझं स्वतःचं गोदाम आहे, टेम्पो आहे. हे मला कुणी दिलेलं नाही. पोत्यांच्या धंद्यात माणूस पहिल्या महिन्यात एक गोष्ट शिकतो : थप्पीवरचं पोतं सगळेच चांगलं ठेवतात, आपण मधलं ओढायचं. गल्लीत कुणाला फ्रिज घ्यायचा असो, शिलाई मशीन असो, नाहीतर म्हैस असो, लोक मला बरोबर नेतात. दुकानदार मला लांबून बघूनच पंखा बंद करतात, हा लवकर जावा म्हणून.

बहीण शाहूवाडीकडं, डोंगराच्या अंगाला राहते. दाजी जाऊन काही वर्षं झाली. भाताची चार खाचरं ती एकटी बघते. एकटी म्हणजे पैऱ्यावर. आज मी तुझ्या शेतात राबते, उद्या तू माझ्या शेतात राब, असा तिकडचा रिवाज आहे. रोपलावणीला गावातल्या चौदा बायका तिच्याकडं येतात, मग ती त्या चौदाजणींच्या शेतात जाते. यात मजुरी नाही. ज्या घरची लावण, त्या घरानं दोन वेळचा गरम चहा आणि दुपारची भाकरी द्यायची, एवढंच. आणि तिथंच बाईचं माप होतं. चहा कसा दिला यावरून कोण हात राखून आहे ते गाव ठरवतं.

तिचं शेत घरापासून लांब, ओढ्याच्या पलीकडं. धो धो पावसात चिखलातून वर घरी जायचं, चूल पेटवायची, किटली झाकून परत खाली यायचं. तेवढ्यात तास जातो आणि चहाही निम्मा निवतो. गेल्या वर्षी ती ओढ्यात घसरली, तेव्हाच मी म्हटलं, "आक्का, फुडल्या लावणीला थर्मास आणतो. सकाळी एकदा भरायचा, दिवसभर बघायचं न्हाय." तिनं ते बायकांना सांगितलं. माझा भाऊ कोल्हापुरातनं थर्मास आणणार हाय, हे त्या गावात वर्षभर माहीत होतं.

माझी पोरगी म्हणाली, मोबाइलवरून मागवा. जी वस्तू हाताला लागली नाही ती मी घेत नाही. दुकानात गेलो. काचेचा नको म्हणून आधीच सांगितलं; काचेचा एक पूर्वी टेम्पोत पहिल्याच खड्ड्याला फुटला होता. स्टीलचा, दोन लिटरचा. तोंड अरुंद बघितलं, कारण रुंद तोंडातून वाफ निघून जाते. बटण दाबून ओतायचं झाकण परत केलं. दुधाच्या चहाची साय त्या बटणात अडकते, आणि चिखलाच्या बोटानं बटण दाबलं की चिखल थेट चहात. पिळाचं झाकण घेतलं, आतली रबरी रिंग काढून धुता येणारं. रिंगेचा वास घेऊन बघितला. पत्रा अंगठ्यानं दाबला.

दुकानदार गल्ल्यावरून बघत होता. "मालक, म्हैस घ्याला आल्यागत बघाय लागलाय की. दात बी बघा."

"दात तुझे बघतोय," मी म्हटलं.

मग समोरच्या चहाच्या गाड्यावरून उकळतं पाणी आणवलं आणि मांडणीवरच्या थर्मासात ओतलं. दहा मिनिटांनी बाहेरून तळहात लावला. थंड. हीच खरी परीक्षा. थर्मासाचं बाहेरचं अंग तापलं की समजायचं, आतली ऊब बाहेर पळतेय. उलटा धरला, थेंब पडला नाही. तसाच तिथं ठेवून बाजारात गेलो आणि दिवे लागायच्या वेळी परत आलो. बोटावर पाणी ओतलं तर बोट भाजलं. भाव पाडायला तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला तो म्हणाला, "घ्या मालक, तुमचंच खरं." सौदा झाला.

आणि मग मी माझी चूक केली. ती मी लपवणार नाही.

तपासलेला थर्मास समोर उभा होता, पण त्यात पाणी घातलं होतं. आमच्याकडं बहिणीला घडी मोडलेली साडी देत नाहीत. द्यायचं ते कोरं द्यायचं. मी म्हटलं, "हा नको. पेटीतला दे, वरचं प्लॅस्टिक न काढलेला."

"बरोबर हाय," तो म्हणाला. "भनीला कोरंच द्यावं."

त्याच्या पाठीमागं फळीवर त्याच मापाच्या पेट्या ओळीनं होत्या. तिथली एकही त्यानं काढली नाही. उठला, शिडी लावली, माळ्यावर चढला आणि तिथून एक पेटी घेऊन आला. मी ते बघितलं. आयुष्यभर थप्पीतलं मधलं पोतं ओढणारा मी, त्या दिवशी प्लॅस्टिकला नख लावलं नाही.

लावणीच्या आदल्या दिवशी पेटी बहिणीच्या हातात दिली. तिनं ती देवापुढं ठेवली. सकाळी सातला चहा उकळून भरला. मी अंगणात अंगावर प्लॅस्टिकची खोळ बांधत होतो. ती आतून ओरडली, "अरं, ह्येला भायेरनं हात लावून बघ! किती कडक हाय च्या!" आणि मी हसलो. दुकानात तळहात लावून जे तपासलं होतं तेच तिनं मला सांगितलं, अगदी उलटं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. भावानं आणलेल्या वस्तूचं कौतुक चाललं होतं ना.

साडेदहाला बायका बांधावर आल्या. बहिणीनं झाकण फिरवलं आणि पेले भरले. वाफ आली नाही.

पहिलीनं घोट घेतला आणि दुसरीकडं बघितलं. "आक्के, च्या चुलीवर ठिवलातास, का चुलीला नुसता दाखवून आणलाईस?"

"सरपण म्हाग झालंय बाई," दुसरी म्हणाली.

"कोल्लापूरचा थर्मास हाय तो. तिकडं आईस्क्रीमवाणी चाटत असतील."

सगळ्या हसल्या. बहीण पण हसली. मग म्हणाली, "अगं, तोंड भाजत हुतं सकाळी. शपथ." त्यातल्या सर्वात वयस्क बाईनं भरलेला पेला बांधावर ठेवून दिला आणि चिखलात उतरली. तो पेला पावसानं भरत राहिला.

मी खाचरातून ओरडलो, "तिची चूक न्हाय! थर्मासच खराब निघालाय! मी आणलाय त्यो!"

ती म्हातारी रोपाची मूठ सोडवत शांतपणे म्हणाली, "भाऊ हायसा, पावणं. बाजू घ्यायलाच पायजे. आमचं भाऊ बी घेत्यात."

भाव कसा तोडायचा ते मला कळतं. इथं भाव नव्हता, मी परत चिखलात वाकलो. बहीण चहा करायला धावत वर घरी गेली, पण तोवर पाऊस वाढला, ओढा चढला, आणि दुपारपर्यंत तिला परत येता आलं नाही. बायकांनी थांबलेल्या हातांनी वाट बघितली आणि ओढा उतरताच त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी चौदातल्या पाच आल्या. एकीला ताप होता, दुसरीकडं पाहुणे आले होते, बाकीच्यांनी कारणही कळवलं नाही. दोन खाचरं तशीच राहिली. तरवा, म्हणजे लावायची रोपं, उपटून ठेवलेला, पेंढ्या पिवळ्या पडायला लागल्या. मी टेम्पो तिथंच उभा केला, गोदाम बंदच ठेवलं आणि तीन दिवस बहिणीबरोबर वाकून लावण केली. तिनं मला एका शब्दानं टोचलं नाही. तिसऱ्या दिवशी बांधावर बसून पायाचा चिखल काढताना तिनं एवढंच विचारलं, "दुकानात किती फेऱ्या मारल्यास?"

"तीन."

"एक आमच्या चुलीपाशी मारायची हुतीस. आदल्या सांजंला."

मी तसाच, चिखलाच्या पायांनी, कोल्हापूरला दुकानात आलो. थर्मास गल्ल्यावर आपटला. तो चेपला नाही, हेही सांगतो; टिकाऊ म्हणाल तर दगडासारखा आहे, आणि गरमही दगडाइतकाच ठेवतो. समोरून उकळतं पाणी आणवलं. मांडणीवरचा आणि माझा, दोन्ही भरले, शेजारी ठेवले. कुकरची शिटी घ्यायला आलेल्या एका बाईंना म्हटलं, "वहिनी, दोन्हींना हात लावा." एकाला त्यांनी हात लावला तो तसाच राहिला. दुसऱ्याला लावला आणि झटक्यात मागं घेतला.

दुकानदारानं शिटी बाईंच्या हातात ठेवली, त्यांना लवकर वाटेला लावलं आणि म्हणाला, "मॉडेल त्येच हाय मालक. लॉट येगळा."

"माळ्यावरचा लॉट?"

"तुम्ही भाव किती पाडलाता, आठवतंय न्हवं? त्या भावात माळ्यावरचंच बसतंय."

आता हे नीट ऐका. मी भाव पाडतो, पाडत आलोय आणि मरेपर्यंत पाडणार. त्यात लाज कसली? मी मागतो, तो नाही म्हणू शकतो. माझ्या गोदामात माझ्याहून चिवट माणसं येतात. परवडलं नाही तर मी तोंडावर सांगतो, जमत नाही, दुसरीकडं बघा. पण एकदा हो म्हटलं की जे पोतं दाखवलं तेच टेम्पोत चढतं. भाव पाडला म्हणून खाली फाटकी पोती भरून वर चांगली रचली असती तर मला आज घरावर मजले चढवता आले असते. मी चढवले नाहीत. दुकानदारा, तू नाही म्हणायला हवं होतंस. तू "तुमचंच खरं" म्हणालास आणि शिडी लावलीस.

त्यानं मांडणीवरचा थर्मास पुसून पुढं सरकवला. "ह्यो न्या. वर सहा स्टीलचे पेले फुकट. मिटवा की."

"टेम्पो भायेर उभा हाय," मी म्हटलं. "बस. शाहूवाडीला चल."

"च्यासाठी?" तो हसला. नोकरालाही हसवलं.

मी पेले घेतले नाहीत. दुसरा थर्मासही घेतला नाही. खराब माझ्याजवळच आहे, गोदामात, हाताशी. तो मी कुणाला परत देणार नाही.

आता बहिणीच्या खाचरातलं भात पिवळं होत आलंय. कापणीलाही पैराच लागतो. ती सगळ्यांच्या शेतात जाऊन आली, जिनं पेला बांधावर ठेवला तिच्याही. पण आपल्या कापणीला या, असं सांगायला ती अजून कुणाच्या दारात गेलेली नाही. फोनवर विचारलं तर म्हणते, जाईन की, काय घाई हाय. घाई आहे. पिकलेलं भात चार दिवस थांबतं, पाचव्या दिवशी झडायला लागतं.

मी सांगून उपयोग नाही, मी भाऊ पडलो. तिनं सांगून उपयोग नाही, तिचाच चहा. तिसरा माणूस एकच आहे, आणि तो पेठेत पंख्याखाली बसलाय. दुकानदारा, तुझे पैसे, तुझा माल, तुझे पेले तुझ्यापाशीच राहू देत. कापणीच्या आधी एक दिवस दुकान बंद कर, शाहूवाडीला ये, त्या चौदा बायकांसमोर उभा राहा आणि तुझ्या तोंडानं सांग, चहा गार का झाला. माझ्या बहिणीनं आजवर खाली मान घालून याचं उत्तर दिलं. ते उत्तर तुझं आहे. कधी येतोस, बोल.