दोन बाटल्यांचं तापमान

उष्णतेला आमच्या थोरल्या साडूंइतकं जपणारा माणूस अख्ख्या पाथर्डी तालुक्यात सापडायचा नाही. ते तिसगावच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात आणि खिशात पेनाशेजारी थर्मामीटर बाळगतात. टपरीवर तो चहात बुडवून "थांबा, जीभ पोळेल" म्हणतात. एका लग्नात त्यांनी तो आमटीत घातला, तेव्हा शेजारच्या पाहुण्यांना मी आमची ओळखच नसल्यासारखं दाखवलं. त्यांच्याबरोबर कुठं जायचं म्हणजे मान खाली घालायची तयारी ठेवावी लागते.

यंदा प्रॅक्टिकलला आम्ल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी थर्माकोलच्या कपात मिसळून किती उष्णता निघते, ते मोजायचं होतं. सगळ्यांचं उत्तर पुस्तकाशी जुळलं, एका मुलीचंच कमी आलं. "असल्या हातांनी विज्ञान होत नसतं," साडू तिला वर्गासमोर म्हणाले. ती रडत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आंघोळीच्या गरम पाण्यात गार ओतताना साडू मध्येच थांबले आणि अंगाला साबण तसाच ठेवून त्यांनी मला फोन केला. सोडा त्यांनी ऐन वेळी कालवला होता. विरघळताना तो स्वतःच तापतो, आणि निवायच्या आत त्यांनी तो वाटून टाकला. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे मुलांनी मिसळण्याआधी नुसत्या आम्लाचं तापमान घेतलं. सोड्याची जादा ऊब उत्तरात शिरली, कपातून निसटलेली उष्णता तिनं भरून काढली आणि आकडा जुळला. त्या मुलीनं आम्ल आणि सोडा, दोन्ही बाटल्यांचं तापमान घेऊन सरासरी काढली होती. "अहो, माझी चूकच पुस्तकाशी जुळली," ते म्हणाले.

माझ्या मोटारसायकलवरून आम्ही तिच्या वस्तीवर गेलो. तिचे वडील गोठ्यातून हात पुसत आले.

"सर, पोरीनं काय केलं?"

"तिनं नाही, मी केलं." साडूंचे कान लाल झाले होते. "पोरी, तुझं बरोबर होतं. मी सगळ्यांपुढं बोललो, माफीही सगळ्यांपुढंच मागीन."

"आवं, मास्तरनं रागवायचंच आसतंय. बसा, च्या घ्या," वडील म्हणाले. मुलगी दारातच उभी राहिली. मी मात्र उगाच मोबाईल कानाला लावून रस्त्याकडं तोंड केलं होतं.

सोमवारी साडूंनी वर्गात माफी मागितली. ती मुलगी आलीच नव्हती. मंगळवारी आली, तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मागितली.

"पोरं हसली," परवा मला सांगत होते. "ती नाही हसली." थर्मामीटर खिशातच होता. हातातला चहा गार झाला, तो तसाच प्यायले.